बारा जणांची भिंत

बारा पुरुष रंगमंचावर ओळीने उभे राहतात, गातात, डोलतात आणि एकदम पाठ फिरवतात. झाली भिंत. भिंतीआड काय चाललंय हे त्या बाराही जणांना पक्कं ठाऊक असतं. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं, ते या माणसांच्या पडद्यानिशी. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे.

मूळ घाशीराम पेशवाईतला, पुण्याचा कोतवाल. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर कोण फिरतंय, पेठेत परका कोण उतरलाय, हे कोतवालाने बघायचं. त्याच्या वर नाना फडणवीस, ज्यांच्याकडे दिल्ली-हैदराबादपासूनच्या खबरा पोचत. ऑगस्ट 1791 मध्ये तेलंगी ब्राह्मणांना अरुंद कोठडीत कोंडलं गेलं, वीसहून अधिक जण गुदमरून मेले. चिडलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं.

नाटकावर पुणं उसळलं ते नानांवरून. नाना असे स्त्रीलंपट दाखवलेच कसे? पुण्याच्या ब्राह्मणांची ही बदनामी कशासाठी? 19 प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते थांबवलं. कलाकार बाहेर पडले, 1973 साली त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं केलं. 1980 च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. तरी मंडळी गेली.

एवढ्या गदारोळात परवान्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही, याची हळहळ वाटते. कारण नाटकातला खरा काटा तिथे आहे. कोतवाल रात्री दारं ठोठावतो. घरात कोण आहे, बाहेर का पडलास, परवाना कुठाय? चोरीच्या नुसत्या संशयावरून एका ब्राह्मणाच्या तळहातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. त्या वेळी शेजारी काय करतात, हे बघावं.

पाळतीच्या गोष्टीवरून असाच वाद जर्मनीतही झाला. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांवरच्या 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' या 2006 च्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. जगभर लोक हेलावले. पण त्याच पोलिसांच्या बर्लिनमधल्या होहेनशोनहाउझेन तुरुंगाचं आता स्मारक झालंय. तिथल्या संचालकांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. चोरून ऐकणारा अधिकारी शेवटी माणुसकीने वागतो, हे त्यांना पटेना. असा एकही अधिकारी झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्याला मोठा माणूस वाईट दाखवल्याचा राग, बर्लिनला पाळत ठेवणारा चांगला दाखवल्याचा. दोन्हीकडे जखम घरचीच होती, आणि बर्लिनची तर अगदी ताजी.

तेंडुलकरांच्या नाटकात मात्र असा कुणी वितळत नाही. नाना आपल्याच कोतवालाला जमावाच्या हवाली करतात आणि तीन दिवस उत्सव करायला सांगतात. बारा जणांची भिंत पुन्हा डोलू लागते.