ढोबळ सहमती

ढोबळ सहमती : तांत्रिक मानके ठरवताना मते मोजण्याऐवजी आक्षेपांचे निरसन झाले का, हे पाहणारी निर्णयपद्धती. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजेच आयईटीएफ, या संस्थेत ती रुजली आणि अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांनी तिची निरनिराळी रूपे उचलली. आयईटीएफची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये झाली. संस्थेला औपचारिक सभासदत्व नाही. मसुदा वाचून कोणीही मत मांडू शकतो आणि ते कंपनीचे नव्हे, त्या व्यक्तीचे मानले जाते. सभासदांची यादीच नसल्याने मतदार कोण हे ठरवता येत नाही, आणि माणसे पाठवून बहुमत उभे करणे एखाद्या बड्या कंपनीला सहज जमले असते. मतदान टाळण्याचे हे व्यावहारिक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की प्रोटोकॉलमधल्या दोषाचे गांभीर्य तो किती जणांना दिसला यावर ठरत नाही. एकाच माणसाने दाखवलेली सुरक्षेची फट शंभर जणांनी नाकारली, तरी ती बुजत नाही.

या पद्धतीला तिचे घोषवाक्य एका भांडणातून मिळाले. इंटरनेटचे पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर जून १९९२ मध्ये आयएबी या वरिष्ठ मंडळाने जपानमधील कोबे येथे सीएलएनपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचा आधार घेण्याचा प्रस्ताव पुढे केला. मसुदे तयार करणाऱ्या कार्यगटांना डावलून निर्णय झाला, अशी भावना पसरली आणि प्रचंड विरोध झाला. पुढच्याच महिन्यात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील आयईटीएफच्या बैठकीत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी राजे, अध्यक्ष आणि मतदान तिन्ही नाकारून ढोबळ सहमती व चालता कोड यांवर विश्वास व्यक्त केला. त्यानंतर मानकांना अंतिम मंजुरी देण्याचा अधिकार मंडळाकडून आयईटीएफच्या सुकाणू गटाकडे गेला आणि पदाधिकारी निवडणारी समिती स्वयंसेवकांमधून सोडतीने काढली जाऊ लागली.

मसुद्यावरची चर्चा कार्यगटाचे अध्यक्ष, म्हणजे गटाध्यक्ष, चालवतात आणि सहमती झाली की नाही याचा निवाडाही तेच करतात. बैठकीत कौल अजमावताना हात वर करण्याऐवजी हुंकार भरण्याची जुनी प्रथा आहे : आवाज कोणत्या बाजूला मोठा ते कळते, डोकी मात्र मोजता येत नाहीत. हा कौलही अंतिम नसतो; प्रवास न परवडलेल्यांसाठी तो ईमेलवरच्या खुल्या चर्चेत पुन्हा पडताळला जातो. पीट रेस्निक यांनी आयईटीएफच्या आरएफसी दस्तऐवजांपैकी २०१४ च्या आरएफसी ७२८२ मध्ये यामागचे तत्त्व उलगडले आहे. प्रत्येक आक्षेपाचा विचार झालाच पाहिजे, पण प्रत्येक आक्षेप मान्य झालाच पाहिजे असे नाही. म्हणून शंभर बाजूने आणि पाच विरुद्ध असूनही सहमती झालेली नसू शकते. उलट पाच बाजूने आणि शंभर विरुद्ध असतानाही ती झालेली असू शकते. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण पाच जणांच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर शंभर होकारांनी ते मिळत नाही, आणि उत्तर देऊन झालेला मुद्दाच शंभर जण पुन्हा मांडत असतील तर त्यात नवे काही येत नाही.

क्विक या डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या घडणीत याचा चांगला पुरावा सापडतो. गुगलने सुरू केलेले हे काम २०१६ मध्ये आयईटीएफच्या कार्यगटाकडे आले आणि मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० प्रसिद्ध झाला. टीसीपी या जुन्या वाहतूक प्रोटोकॉलमध्ये पॅकेटांच्या जाण्यायेण्याला किती वेळ लागतो हे मधल्या नेटवर्कला मोजता येई. क्विकने जवळजवळ सगळेच कूटबद्ध केल्याने ती सोय गेली. नेटवर्क चालवणाऱ्यांनी मोजमापासाठी एक बिट उघडा मागितला. त्यातूनही वापरकर्त्याची माहिती झिरपेल, असा खासगीपणाच्या बाजूचा आक्षेप होता. मतदानाने बिट एकतर आला असता किंवा गेला असता. मानकात तो आला, पण ऐच्छिक म्हणून. शिवाय तो वापरणाऱ्यांनीही दर सोळा मार्गांपैकी निदान एका मार्गावर, कोणताही क्रम न ठेवता, तो बंद ठेवावा असे बंधन आले. बंद ठेवणारे मोजकेच असते तर तेच नजरेत भरले असते. आक्षेपाने मानक नुसते अडवले नाही, ते सुधारले.

मतदानाने वाद निदान संपतो, असा युक्तिवाद केला जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या तांत्रिक समितीत, संगणक सुरू होताना सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडी या प्रणालीवर मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते स्वीकारले गेले. निर्णय लागला, आक्षेप मात्र उरले. त्याच वर्षी नाराजांनी देवुआन हा वेगळा प्रकल्प जाहीर केला. सहमतीच्या मार्गाने ही फूट टळलीच असती असे म्हणता येणार नाही, आणि डेबियनला पुढे जायचे होते हेही खरे. पण एका मताने जिंकलेली बाजू हरलेल्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील राहत नाही, हा दोष त्या माणसांचा नव्हे, पद्धतीचा आहे.

आक्षेप तांत्रिक नसतो तेव्हा ढोबळ सहमतीची मर्यादा उघडी पडते. ब्राउझरमधल्या व्हिडिओ संभाषणासाठी व्हीपी८ हा व्हिडिओ कोडेक घ्यावा की एच.२६४, हा वाद मुख्यतः पेटंट आणि परवाना शुल्काचा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हँकुव्हरला हुंकारातून काहीच निष्पन्न झाले नाही, कारण पेटंटच्या दाव्यात किती दम आहे हे कोड चालवून सिद्ध होत नाही. वर्षभराने होनोलुलूत दोन्ही बंधनकारक करण्यावर जुळले आणि मार्च २०१६ च्या आरएफसी ७७४२ मध्ये ते आले. ही तडजोड होती. तिला तांत्रिक सहमती म्हणू नये.

गटाध्यक्षांच्या हाती फार सत्ता जाते, हा आक्षेप वजनदार आहे. त्यावर दोन अंकुश आहेत. त्यांच्या निवाड्याविरुद्ध सुकाणू गटापर्यंत आणि पुढे आयएबीपर्यंत दाद मागता येते. आणि इंटरनेट मानकाचा दर्जा मिळण्यासाठी एकमेकांशी जुळणाऱ्या किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या लागतात, त्या कोणाच्या शब्दावर उभ्या राहत नाहीत. पगारी वेळेच्या विषमतेला मात्र या पद्धतीपाशी उत्तर नाही. महिनोन्‌महिने मसुदे वाचून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे कंपन्यांच्या अभियंत्यांना जमते, एकट्या स्वयंसेवकाला क्वचितच. दूरस्थ सहभागासाठी शुल्कमाफी मिळते. खर्ची पडलेल्या वेळेची भरपाई मिळत नाही.