एकाच मोठ्या रायफलीचा आग्रह : एक खंडन

मोठ्या जनावराला मोठी गोळी, आणि सगळ्या जनावरांना पुरून उरेल अशी एकच दणकट रायफल, हे मत आपल्याकडे सिद्धान्तासारखे मानले जाते. शिकारकथांचे वाचक ते मानतात, रायफल क्लबातले जाणकार मानतात, आणि बिबट्या व रानडुकरांनी जेरीस आणलेल्या गावांच्या पारावरही आता तेच ऐकू येते : बारा बोअरने काय होणार, मॅग्नमच पाहिजे. हे मत मांडणाऱ्यांत अनुभवी माणसे आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि नगर जिल्ह्यासारख्या मुलखात ते धोक्याचेही आहे. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी कायद्याची चौकट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या देशात हौसेची शिकार हा गुन्हा आहे. उरली ती दोनच प्रसंगांची गोष्ट. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर वनखात्याच्या लेखी आदेशाने मारणे हा पहिला प्रसंग, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबत रीतसर परवानगी मिळणे हा दुसरा. पुढचे सगळे विवेचन या दोन प्रसंगांपुरतेच आहे.

आता पूर्वपक्ष, शक्य तितक्या प्रामाणिकपणे. त्याचे आवडते उदाहरण .३७५ मॅग्नमचे. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने १९१२ मध्ये हे काडतूस आणले. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे ५,७०० जूल ऊर्जा घेऊन निघते. .३०-०६ ची ऊर्जा ३,९०० च्या आसपास आणि ७ मिलिमीटर माउझरची, म्हणजेच .२७५ रिग्बीची, ३,३०० च्या आसपास. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही कायद्याने ठरलेली किमान मर्यादा आहे. पूर्वपक्ष म्हणतो : जखमी जनावर हे धडधाकट जनावरापेक्षा भयंकर असते. नेम चार बोटे चुकला तरी जनावर जागीच कोसळले पाहिजे, आणि ही सवलत फक्त मोठी गोळी देते. त्यातही एकच रायफल आयुष्यभर हाताळली की हात बसतो. घोडा, दस्ता, माशी सगळे अंगवळणी पडते, आणि आणीबाणीच्या क्षणी विचार करावा लागत नाही. यातला हात बसण्याचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याकडे शेवटी येईन.

नेम चुकला तरी मोठी गोळी सांभाळून घेते, हा पहिला दावा. इतिहास याला दुजोरा देतो का? जिम कॉर्बेटचीच साक्ष काढू, कारण पूर्वपक्षाचाही तोच आदर्श आहे. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीसमोर त्याच्या हातात .५०० ची भारी रायफल होती. जवळची मोजकी काडतुसे संपली तरी वाघीण उभीच होती, आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या जुन्या छऱ्याच्या बंदुकीतून काढावा लागला. त्या कामगिरीबद्दल त्याला बक्षीस मिळाली ती .२७५ ची रिग्बी रायफल. सव्वाशे माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या २ मे १९२६ च्या रात्री मारला गेला तो याच .२७५ ने. १९३० मध्ये चौगढची वाघीण काही हातांवर समोर आली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. उजव्या हाताने रायफल हळूहळू वळवून त्याने एका गोळीत काम संपवले. तीही .२७५ च. पनारचा बिबट्या तर त्याने बारा बोअरनेच मारला. आज पारावर ज्या बंदुकीला नाक मुरडले जाते तीच ही बंदूक.

आणखी एक साक्षीदार, डब्ल्यू. डी. एम. बेल. आफ्रिकेत त्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या रायफलीने. कसे? हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे बसतो याचा त्याने अभ्यास केला होता, आणि टोकाला न फुटणारी, सरळ आत शिरणारी गोळी तो निवडत असे. हत्तींच्या त्या कत्तलीचे समर्थन आज कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण जनावर गोळीच्या व्यासाने मरत नाही, गोळी कुठे पोचली यावर मरते, याचा याहून ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

प्रतिपक्ष उत्तर देईल की बेल आणि कॉर्बेट असामान्य होते आणि नियम सामान्य माणसासाठी असतात. ठीक. मग सामान्य माणसाचाच विचार करू. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट बसतो. वर्षाला दहा काडतुसेही न उडवणारा माणूस असा धक्का अपेक्षित धरून घोडा ओढतो तेव्हा बार सुटण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते. कच्च्या नेमबाजाला भरवशासाठी म्हणून जे हत्यार द्यायचे, तेच त्याचा नेम आणखी कच्चा करते. चुकीची भरपाई करणारी गोळी चूकच वाढवत असेल, तर भरपाई झाली कुठे?

दुसरा दावा ऊर्जेचा. जास्त ऊर्जा म्हणजे जास्त खात्रीचा मृत्यू. पण ऊर्जा जनावराच्या अंगात खर्ची पडली तरच उपयोगाची. आपल्याकडच्या बिबट्याचा नर पन्नास ते सत्तर किलोंचा. पूर्ण वाढलेले रानडुक्कर शंभर किलोंच्या घरातले. काळवीट चाळीसच्या आसपास, चिंकारा त्याहून हलका. .३७५ च्या गोळ्या घडवल्या गेल्या त्या सातशे-आठशे किलोंच्या रेड्यांसाठी, जाड कातडी आणि जाड हाडे फोडण्यासाठी. मऊ टोकाची गोळी घ्या, असे कोणी म्हणेल. घ्या. तीही मोठ्या देहात उमलावी अशाच बेताने बनवलेली असते. साठ किलोंच्या बिबट्यातून ती बहुतेक ऊर्जा शिल्लक ठेवूनच पलीकडे निघते.

ही शिल्लक ऊर्जा जाते कुठे? माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल या एका प्रश्नावर लागतो, आणि मोठ्या रायफलीचे समर्थक नेमका तोच टाळतात. त्यासाठी हिवरे बाजारला येऊ. नगर तालुक्यातल्या या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघडे डोंगर पुन्हा गवताने झाकले. चारशे मिलिमीटरच्या आगेमागे पावसात पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची शिस्त लावून घेतली. जितकी खोल बोअर तितके खात्रीचे पाणी, असे भोवतालचा सगळा मुलूख म्हणत असताना या गावाने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली. आधी गरज मोजली, मग साधन ठरवले. बंदुकीच्या बाबतीत मी याहून वेगळे काही मागत नाही.

मोजूच. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, म्हणजे पावणेदहा चौरस किलोमीटर. शिवार चौकोनी धरले तर एका बाजूची लांबी तीन किलोमीटरांहून थोडी जास्त भरते. .३०-०६ जातीच्या रायफलीची गोळी, नळी वर झालेली असताना सुटली तर, घडणीप्रमाणे तीन ते पाच किलोमीटर जाते. याचा अर्थ गावाच्या मधोमध उभे राहून सोडलेली गोळी शेजारच्या गावात उतरू शकते. मध्ये काय आहे? वस्त्या आहेत, गोठे आहेत, पहाटे डेअरीकडे दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या मोटारसायकली आहेत, रात्रपाळीची वीज आली म्हणून पिकाला पाणी धरायला गेलेला शेतकरी आहे. हा निर्मनुष्य सव्हाना नव्हे. आफ्रिकेतला किमान मर्यादेचा नियम इथे आणणाऱ्याने तिथले मोकळे रानही बरोबर आणावे.

नगरकरांना हे नव्याने सांगायला नको. लष्कराची के. के. रेंज याच भागात आहे. अशा सरावक्षेत्राची हद्द निशाण कुठे लावले आहे यावर आखली जात नाही. चुकलेला मारा कुठवर पोचेल यावर आखली जाते. रणगाडे चालवणारे लष्कर जी खबरदारी घेते, ती खांद्यावर रायफल टाकून निघालेल्या हौशी माणसाला लागू नाही काय?

प्रत्यक्ष बाराचा प्रसंग पाहू. मक्याच्या कडेला तीस मीटरांवर रानडुक्कर उभे आहे. नेम जमिनीपासून अर्ध्या मीटरला थोडा कमी, खांद्यामागे. नेमबाज सपाट जमिनीवर उभा असेल आणि नळी दीड मीटर उंचीवर असेल, तर गोळीचा उतार जेमतेम दोन अंशांचा. डुकरातून पार झालेली गोळी तेरा मीटर मागे जमिनीला टेकेल, आणि मुरमाड, गोटेदार जमिनीवर इतक्या उथळ कोनाने टेकलेली गोळी रुतत नाही, टप्पा घेऊन उसळते. नेम पाठीवरून अर्धा मीटर वर गेला तर गोळी जवळजवळ दोनशे मीटर मागे पडेल, तेही जमीन सपाट असेल तर. आता हाच माणूस माचाणावर बसवा, नळी चार मीटरांवर. नेमकी लागलेली गोळी पार होऊन चार मीटरांच्या आत मातीत जाते, आणि पाठीवरून तितकीच चुकलेली गोळी पंधरा मीटरांच्या आत. बंदूक तीच, माणूस तोच. फरक पडला चार बांबू आणि दोरीने. कोणत्याही मॅग्नमने ही सुरक्षितता विकत मिळत नाही.

म्हणूनच पिकातल्या रानडुकरासाठी या मुलखात बारा बोअरच योग्य. तिचे मोठे छर्रे काहीशे मीटरांत दम टाकतात. तिचा मारा पंचवीस-तीस मीटरांच्या आत खात्रीचा आणि चाळीसच्या पुढे बेभरवशाचा आहे. हे तिचे वैगुण्य म्हणून दाखवले जाते. मला तो तिचा गुण वाटतो. जवळ येईपर्यंत थांबायला ती भाग पाडते, आणि थांबलेला माणूस अंधारात नुसत्या हालचालीवर बार काढत नाही.

आता तो एकाच हत्याराचा मुद्दा. हात बसतो हे खरे. पण आपल्या देशात ज्या रायफलीवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसला ती .३७५ नव्हेच, ती .३१५. तिचा जन्मही मारक शक्तीच्या हिशेबातून झालेला नाही. लष्करी .३०३ ची काडतुसे खासगी हातांत जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने ती बंद केली. मग ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर बेतलेली .३१५ पुढे आली, स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यात रायफल बनत राहिली आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीत तिची काडतुसे. कायद्याने पदरात टाकलेली ही मध्यम ताकदीची रायफल बहुगुणी ठरली, कारण ती सोसवते, परवडते आणि तिची काडतुसे सरावाला मिळू शकतात. हात बसण्याचा युक्तिवाद इमानेइतबारे शेवटपर्यंत नेला तर तो मॅग्नमपाशी पोचत नाही. तो .३१५ पाशी येऊन थांबतो.

राहिला बिबट्या. संगमनेर, राहुरी, कोपरगावच्या उसाच्या पट्ट्यातली भीती खरी आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यानंतर तर कोणी कोणाला शांत राहायला सांगू नये. पण तिथे खात्री कशाची हवी असते? गोळीच्या ताकदीची की जनावराच्या ओळखीची? याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. दाट मानवी वस्तीच्या त्या शेतमुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास बिबटे आढळले, आणि अभ्यासाच्या काळात माणसाचा एकही बळी गेला नव्हता. जुन्नर भागात मात्र २००१ नंतर बिबटे सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम निघाली, आणि वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते ते सतरावर गेले. पिंजऱ्यात चुकीचे जनावर सापडले तर एवढे होते. चुकीच्या जनावराला गोळी घातली तर हल्लेखोर मोकळाच राहतो आणि गाव निर्धास्त झोपते. ५,७०० जूल तिथे काय करणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याची टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तेव्हाही गोळी कमी पडली असे कोणी म्हटले नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने ठपका ठेवला तो कार्यपद्धतीवर. वाद रात्रीच्या वेळेचा होता, बेशुद्धीच्या बाणाचा होता. काडतुसाच्या व्यासाचा नव्हता.

माझा निष्कर्ष असा. नगर जिल्ह्यात, परवानगी हातात असताना, पिकातल्या रानडुकरासाठी बारा बोअर, माचाणावरून, तीस मीटरांच्या आत. माणसावर हल्ले करणारा म्हणून पटलेल्या आणि तसा लेखी आदेश निघालेल्या बिबट्यासाठी वनखात्याच्या पथकातला सराव असलेला नेमबाज, .३१५ किंवा .३०-०६ आणि मऊ टोकाची गोळी, तीही गोळीमागे माती दिसत असेल तेव्हाच. .३७५ मॅग्नमने मारावे असे एकही जनावर हिवरे बाजारच्या शिवारात नाही.