संस्थान गेले, खेळाडू उरले

१९५२चा जुलै. मँचेस्टरच्या कसोटीत भारताचा संघ एकाच दिवसात दोनदा गारद झाला, ५८ आणि ८२ धावांत. कर्णधार होते विजय हजारे, जन्म सांगलीचा. चारच दिवसांनी, २३ जुलैला, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकाच महिन्यात परदेशी मैदानांवर उतरलेले हे दोघे कृष्णाकाठचे. पण त्यांना जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि तो एका राजवाड्यातून जातो.

हजारेंचा जन्म १९१५चा, शिक्षकाच्या भरल्या घरातला. खेळून पोट भरायचे तर त्या काळी संस्थानाचीच चाकरी धरावी लागे. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी हजारेंना पदरी ठेवले आणि ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याच्या हाताखाली शिकण्याची संधी दिली. हजारे दोन्ही पॅडच्या मधे बॅट धरून उभे राहत. पाहणाऱ्याला ते अवघडलेले वाटे. ग्रिमेटने मात्र त्यात बदल करू नकोस असे सांगितले. हा सल्ला किती मोलाचा होता ते १९४३ साली मुंबईत दिसले. पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ म्हणजे इतर समाजांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेकच्या २१! पुढे बडोद्याच्या आश्रयाला गेल्यावर १९४७च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदसह त्यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. १९४८च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर ११६ आणि १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात सहा सहकारी शून्यावर गेले, हे लक्षात घेतले की १४५चे वजन कळते.

आता तो धागा. १९४७ साली देवासचे हेच विक्रमसिंहराव दत्तक जाऊन शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. त्याच सुमारास कराडच्या टिळक हायस्कुलातून निघालेला एक पोरगा राजाराम कॉलेजात शिकत होता आणि तालमीत घुमत होता. वडील दादासाहेबही पैलवान. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तांबड्या मातीत ढाक हा डाव मारणाऱ्या या मल्लाला मॅट जवळजवळ अनोळखी होती. तिथे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर याने थोडे शिकवले, आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. पहिल्याच खेपेला हे यश थोडे नव्हते.

मग १ मार्च १९४९ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. सांगली तर आधीच्याच वर्षी झाले होते. लोकशाहीला ते हवेच होते, यात शंका नाही. पण पैलवानाचा खुराक, प्रवास आणि उस्ताद यांचा खर्च ज्या तिजोरीतून चाले ती बंद झाली आणि तिच्या जागी काहीच उभे राहिले नाही. खाशाबांच्या वाट्याला नेमकी ती पोकळी आली.

हेलसिंकीसाठी त्यांना दारोदार हिंडावे लागले. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, सरकारकडून चार हजार मिळाले, बाकीचे गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून जमवले, असे सांगतात. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाचा पोलिकिन आणि मेक्सिकोचा बासुर्तो यांना हरवले, जर्मनीच्या श्मिट्झवरही मात केली. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ती ते हरले. लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ते ठणकावून सांगायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. तीही कुस्ती ते हरले. इशीला सुवर्ण मिळाले, मामेदबेकोवला रौप्य. त्याच ऑलिंपिकमध्ये केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले. फेदरवेटला ते चौथे आले. राजवाड्याऐवजी नीट संघटना पाठीशी असती, तर कोल्हापूर-साताऱ्याच्या तालमींनी त्या वर्षी दोन पदके आणली असती असे म्हणायला जागा आहे.

कराड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. खाशाबांनी मात्र परतल्यावर कोल्हापुरात कुस्त्या लढवल्या आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

त्या काळी जगभरातच हौशी खेळाडूची नोकरी वेगळी आणि खेळ वेगळा असे. रग्बी युनियनने तर १९९५पर्यंत खेळण्याचे पैसे घेऊ दिले नाहीत. न्यूझीलंड-वेल्सचे नामवंत खेळाडूही शेती किंवा डॉक्टरकी करून खेळत. पण त्यांच्यामागे क्लब आणि संघटना होत्या. खाशाबांना १९५५ साली पोलिस दलात फौजदाराची नोकरी मिळाली, गुडघ्याच्या दुखापतीने मेलबर्न ऑलिंपिक हुकले, आणि बढतीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. हजारेंना १९६०मध्ये पद्मश्री मिळाली. खाशाबांचे १९८४ साली अपघातात निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी आला. जिवंतपणी देशाने त्यांच्यासाठी फार थोडे केले, आणि जे केले ते बहुतांशी गावाने केले.