एलव्हीएम-३ ची प्रतिकृती (प्रमाण १:१००)

इस्रोच्या सर्वांत शक्तिशाली प्रक्षेपकाची शंभरपट लहान केलेली प्रतिकृती. मूळ प्रक्षेपक ४३.५ मीटर उंच, उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टन वजनाचा, प्रतिकृती ४३.५ सेंमी.

तालुका विज्ञान प्रदर्शनात ठेवायला हेच प्रमाण घ्यावे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या शेतीसाहित्याच्या दुकानांत या प्रमाणाला लागणाऱ्या नळ्या आयत्या मिळू शकतात. बाजूचे दोन एस-२०० बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे. मधला एल-११० आणि त्यावरचा क्रायोजेनिक सी-२५ हे टप्पे ४ मीटरचे. माथ्यावरचे उपग्रहाचे कवच ५ मीटरचे. पीव्हीसी पाइपाची बाहेरची प्रमाणित मापेही ३२, ४० आणि ५० मिमी! बूस्टरसाठी सुमारे २५ सेंमीचे दोन तुकडे कापून सोल्युशनने मधल्या पाइपाला चिकटवावेत. त्यांचे शंकू सरळ नसून मधल्या टप्प्याकडे कललेले असतात.

तळाशी ज्वाला दाखवायच्या तर फक्त बूस्टरखाली. एल-११० ची दोन विकास इंजिने जमिनीवर पेटतच नाहीत. ती उड्डाणानंतर सुमारे पावणेदोन मिनिटांनी, हवेतच सुरू होतात.

खरा धडा वजनात आहे. लांबी शंभरपट घटली की घनफळ दहा लाखपट घटते, म्हणून ६४० टनांचे ६४० ग्रॅम होतात. त्यांतले जवळजवळ ४१० ग्रॅम दोन बूस्टरमधले घन इंधन. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले चांद्रयान-३ सुमारे ३,९०० किलोचे, म्हणजे इथे चार ग्रॅमही नाही. दोन्ही बूस्टरमध्ये मिळून ४१० ग्रॅम वाळू भरावी आणि प्रतिकृती मुलांच्या हातात द्यावी. इंधन कशाला म्हणतात ते तळहाताला कळते.

महाराष्ट्राचा वाटाही प्रतिकृतीवर लिहिण्याजोगा आहे. विकास आणि क्रायोजेनिक इंजिनांची निर्मिती विक्रोळीच्या गोदरेजमध्ये होते. बूस्टरच्या कवचाचे भाग पवईला लार्सन अँड टुब्रोने आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने घडवले आहेत.

प्रतिकृती प्रदर्शनापुरतीच नसते. प्रक्षेपकांच्या अचूक मापाच्या छोट्या प्रतिकृती बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील वातबोगद्यात तपासल्या जातात. ध्वनिवेग ओलांडताना कवचावर हवेचा दाब कुठे किती पडतो, हे तिथे मोजतात.

शेजारी चंद्रावर माणसे नेणारा अमेरिकेचा सॅटर्न-५ याच प्रमाणात उभारला, तर तो १११ सेंमी भरेल.