एका कोटीचा इतिहास

शब्दांवर कोट्या करणें हा रसिकांचा फावल्या वेळचा खेळ समजला जातो. परंतु एखादी कोटी इतिहासाच्या आसनावर जाऊन बसली, म्हणजे ती कोणीं केली व कोणावर केली याची विचारपूस करणें अवश्य होतें.

सर चार्ल्स नेपियर यानें १८४३ च्या फेब्रुवारींत मियानी येथें व मार्चमध्यें हैदराबादेनजीक तालपूर अमीरांचा पराभव केला, आणि सिंधचा बहुतेक प्रांत कंपनीच्या राज्यांत सामील झाला. ही वार्ता त्यानें 'पेक्कावी' या एकाच लॅटिन शब्दानें वरिष्ठांस कळविली, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. या शब्दाचा अर्थ 'मीं पाप केलें आहे'. त्याचें इंग्रजी रूप 'आय हॅव सिन्ड'. आणि सिंधचा इंग्रजी उच्चारही 'सिन्ड' असाच असल्यामुळें, तेंच वाक्य कानांस 'सिंध माझ्या हातीं आहे' असेंही ऐकूं येतें!

ही गंमत साधते ती 'हॅव' या क्रियापदामुळें. घडून गेलेल्या क्रियेस साह्य करणारें तेंच, आणि स्वामित्व दाखविणारेंही तेंच. मराठींत या दोन कामांस दोन निराळ्या वाक्यरचना लागतात. म्हणून आपल्या भाषेंत आणतांच हा श्लेष फुटतो, आणि पाप व प्रांत वेगळे दिसूं लागतात.

वस्तुस्थिति अशी कीं, नेपियरनें असा संदेश पाठविलाच नव्हता. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकानें १८ मे १८४४ रोजीं ही कोटी छापली, आणि ती सुचली होती कॅथरिन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीस. पुढें जर्मन स्तोत्रांची भाषांतरकर्त्री म्हणून ती नांवारूपास आली. सिंधच्या स्वारीवर इंग्लंडांतही टीका होत असतां केलेली ही थट्टा होती. तिच्यांतील 'पाप' नुसतें शब्दापुरतें नव्हतें. सिंध घेण्याचा आपणांस हक्क नाहीं, तरी आपण तो घेऊंच, अशा आशयाचें नेपियरनेंच स्वारीपूर्वीं रोजनिशींत लिहून ठेविलें होतें. परंतु जाहीर कबुली त्यानें दिली नाहीं. काळाच्या ओघांत मुलीची थट्टा सेनापतीच्या तोंडीं गेली, आणि दोषारोपाचें रूपांतर जेत्याच्या चातुर्यांत झालें.

१८४७ सालीं सिंध मुंबई इलाख्यास जोडला गेला, व १९३६ पर्यंत त्यांतच राहिला. त्याचा इतिहास वाचणारास आजही ही कोटी आधीं भेटते, मियानीचें रणांगण मागाहून. कोटीस हंसावें, अवश्य हंसावें. मात्र हंसें कोणाचें व्हावयाचें होतें, तें विसरूं नये.