तळटीप १७ : रेसमो

‘पनवेल सोडलं की आठवते ती रेसमो’ : टाटा मोटर्सची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. मार्च २०१७मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, तेही आसनांच्या मागे. टर्बोच्या जोरावर ताकद मात्र १९० अश्वशक्ती. खरी करामत वजन कमी ठेवण्यात होती. वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकत्र सांधून सांगाडा केलेला, त्यामुळे शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. उंची साधारण १.२ मीटर, म्हणजे पनवेल स्टेशनबाहेरच्या रिक्षापेक्षाही बुटकी. दारं फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. ती विक्रीला आलीच नाही. लेखकाची हळहळ आम्हालाही पटते.—संपा.