पूरग्रस्त ग्रामीण घरांची पुनर्बांधणी (महाराष्ट्र)

महापूर, अतिवृष्टी किंवा पावसामुळे होणारे भूस्खलन यांत पडलेली अथवा राहण्यास अयोग्य ठरलेली गावांतील घरे पुढील आपत्तीत टिकतील अशा रीतीने पुन्हा उभी करण्याच्या प्रक्रियेस पूरग्रस्त ग्रामीण घरांची पुनर्बांधणी असे म्हणतात. तीत जागेची निवड, पाया व भिंतींची रचना, साहित्य, अर्थसाहाय्य आणि जमिनीची मालकी या सर्वांचा समावेश होतो. महाराष्ट्रात या विषयाचा अनुभव मुख्यतः कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातील महापूर (२००५, २०१९, २०२१) आणि सह्याद्रीतील माळीण (२०१४), तळिये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांतून आलेला आहे. नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या डोंगरी तालुक्यांनाही हा अनुभव उपयुक्त आहे.

घरे पडण्याची कारणे

मातीची भिंत कोरडी असताना छताचा भार सहज पेलते, परंतु भिजल्यावर तिची ताकद झपाट्याने कमी होते. पाणी प्रथम भिंतीच्या तळाशी साचते. तळ मऊ झाला की वरचा भाग शाबूत असूनही भिंत खचते. दगड-मातीच्या जाड भिंतींत आतला व बाहेरचा थर एकमेकांना नीट बांधलेला नसतो, त्यामुळे मधली माती भिजून फुगल्यावर दोन्ही थर सुटे होतात. अनेक घरे पाणी चढताना नव्हे, तर ओसरल्यावर पडतात. म्हणूनच पाणी उतरताच घरात राहावयास जाणे धोक्याचे मानले जाते.

पुराच्या स्वरूपानुसार हानीही बदलते. सांगली-कोल्हापूरच्या सपाट भागात पाणी अनेक दिवस साचून राहते. तेथे वेगापेक्षा भिजण्याचा कालावधी घातक ठरतो. डोंगराळ भागात नदी-ओढ्यांना काही तासांत लोंढा येतो व पाया उघडा पाडून भिंती वाहून नेतो. तीव्र उतारावर पाणी मुरून मातीचा थरच सरकतो. अशा ठिकाणी घर कितीही पक्के असले तरी बचाव होत नाही आणि जागा बदलणे हाच उपाय उरतो.

बांधकामाची तत्त्वे

पूरप्रवण भागातील घरासाठी पुढील बाबी महत्त्वाच्या समजल्या जातात :

जोते : जोत्याची पातळी गावाला आठवत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा वर ठेवणे. भराव टाकल्यास तो थराथराने धुम्मस करून घट्ट बसवणे.

पाया : काळ्या जमिनीत माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे उथळ पायावरील भिंतींना तडे जातात. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी रुंद होत जाणाऱ्या स्तंभांच्या पायाची पद्धत विकसित केली.

भिंती : तळाचा भाग दगड किंवा पक्क्या विटांत सिमेंट अथवा चुन्याच्या मसाल्याने बांधणे. वरचा भाग मातीचा असल्यास मातीत चुना किंवा सिमेंट मिसळणे. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे.

पट्ट्या : जोते, चौकटीचा माथा व छत या पातळ्यांवर काँक्रीटची किंवा लाकडाची सलग पट्टी फिरवणे. ती चारही भिंतींना एकत्र बांधते आणि भूकंपातही उपयोगी पडते.

छत व निचरा : वासे, आडे व पत्रे भिंतींना घट्ट बांधणे, छत भिंतीबाहेर पुरेसे काढणे आणि घराभोवती पाण्याला वाट ठेवणे.

यांतील बहुतेक गोष्टी गावच्या गवंड्याच्या आवाक्यातील आहेत. खर्च मुख्यतः पाया, जोते व पट्ट्या यांवर वाढतो. हीच कामे नंतर दिसत नसल्याने पैसे कमी पडले की प्रथम त्यांनाच कात्री लागते.

महाराष्ट्रातील अनुभव

किल्लारी (१९९३) : ३० सप्टेंबर १९९३ रोजीचा लातूर-धाराशिव भागातील भूकंप ही पुराची आपत्ती नसली, तरी राज्यातील पुढील सर्व पुनर्वसनांचा पाया येथे घातला गेला. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत घरमालकांनी शासकीय साहाय्य व अभियंत्यांचे मार्गदर्शन घेऊन स्वतःच दुरुस्ती केली. नव्या गावांविषयी पुढे दोन तक्रारी सातत्याने आल्या : शेती दूर गेली, आणि रुंद रस्त्यांच्या आखणीत गुरे, बलुते व भावकी यांचा जुना शेजार राहिला नाही. स्वतः दुरुस्त केलेल्या घरांबाबत अशी तक्रार कमी आढळली.

माळीण (२०१४) : ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून सुमारे दीडशे लोक मृत्युमुखी पडले. वाचलेल्या कुटुंबांसाठी आमडे येथे नवे गाव बांधण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या वसाहतीतील रस्ते व भराव खचला. घरे भूकंपरोधक असूनही उतारावरील भराव व निचरा यांकडे तितकेच लक्ष द्यावे लागते, हे यातून दिसून आले.

तळिये व इर्शाळवाडी : २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक दगावले. पुनर्वसनाच्या घरांचे काम म्हाडाकडे देण्यात आले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. तेथील कुटुंबांसाठी सिडकोने चौकजवळ घरे बांधली.

कृष्णा-पंचगंगा खोरे : २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील शेकडो गावे बाधित झाली. पुराची कारणे तपासण्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. येथे बहुतेकांनी घरे जुन्याच जागी बांधली. नदीकाठची सुपीक शेती सोडून दूर जाण्यास गावे सहसा तयार होत नाहीत.

पूररेषा, साहाय्य व मालकी

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी संबंधित असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते व दोहोंच्या दरम्यान ते निर्बंधांसह करता येते.

केंद्र शासनाच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांनुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पूर्णतः पडलेल्या घरास सपाट भागात १,२०,००० रुपये व डोंगरी भागात १,३०,००० रुपये मिळतात. अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये आणि गोठ्यास ३,००० रुपये दिले जातात. ‘पूर्णतः’ व ‘अंशतः’ या दोन शब्दांत लाखभर रुपयांचे अंतर असल्याने पंचनामा हाच बहुतेक वादांचा विषय ठरतो. भिजून कमकुवत झालेली, पण पंचनाम्याच्या दिवशी उभी असलेली भिंत ‘अंशतः’मध्ये गणली जाण्याची शक्यता असते.

दुसरी अडचण नोंदीची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर आजोबांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते आणि एका घरक्रमांकाखाली दोन-तीन चुली असतात. गावठाणाबाहेरील, गायरानातील किंवा वनजमिनीवरील घरांची नोंद अनेकदा नसतेच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) व अनुसूचित जमातींसाठीची शबरी आदिवासी घरकुल योजना यांतून घर मिळण्यासही जागा लागते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीस साहाय्य करणारी योजना आहे.

कळवण तालुक्याचा संदर्भ

कळवण तालुका गिरणा नदीच्या वरच्या खोऱ्यात असून त्याच्या पश्चिमेस सुरगाणा व पूर्वेस देवळा हे तालुके आहेत. गिरणेवर अभोण्याजवळ ब्रिटिशकालीन चणकापूर धरण आहे, तर पुनद ही गिरणेची उपनदी तालुक्यातूनच वाहते. पश्चिमेकडील डोंगरात पाऊस जास्त व पूर्वेकडे कमी पडतो. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो व कोकणा, भिल्ल, महादेव कोळी या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. पश्चिम भागात कुडाच्या भिंतींची कौलारू घरे, तर नदीकाठच्या सपाट भागात माती व विटांची घरे आढळतात.

येथील शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. धान्य, बियाणे, गुरे व कांद्याची चाळ हे सर्व त्याच अंगणात असते. घर पडले नाही तरी चाळीतील कांदा भिजला तर वर्षाचे उत्पन्न जाते. त्यामुळे पुनर्बांधणीचा आराखडा करताना साठवणीची जागाही उंच जोत्यावर धरणे आवश्यक ठरते. कुडाची भिंत वजनाने हलकी असल्याने पडली तरी जीवितहानी कमी होते. ती मागास समजून टाकून देण्याऐवजी दगडी जोते व बांबूच्या पक्क्या सांगाड्याची जोड दिल्यास कमी खर्चात सुरक्षित घर होऊ शकते. पेसा कायद्यान्वये (१९९६) अनुसूचित क्षेत्रात विकास प्रकल्पांसाठी भूसंपादन करण्यापूर्वी व बाधितांच्या पुनर्वसनापूर्वी ग्रामसभा किंवा योग्य पातळीवरील पंचायत यांच्याशी विचारविनिमय करावा लागतो.

इतरत्र

बिहारमध्ये १८ ऑगस्ट २००८ रोजी कोसी नदीचा बांध फुटल्यानंतर घरमालकाच्या पुढाकाराने पुनर्बांधणी करण्याचे धोरण स्वीकारले गेले व त्यात विटांबरोबर बांबूच्या घरांचाही पर्याय ठेवण्यात आला. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१० च्या महापुरानंतर वास्तुविशारद यास्मीन लारी यांनी बांबू, चुना व माती यांची उंच जोत्यावरील घरे गावकऱ्यांकडूनच उभारून घेतली. आपत्तीनंतर पूर्वीपेक्षा अधिक बळकट उभारणी करावी, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या सेंदाई आराखड्यात नमूद आहे.

हेही पहा

माळीण
गिरणा नदी
कळवण तालुका
१९९३ लातूर भूकंप